मातीतला खेळाडू आणि मधली पायरी

रग्बी लीग या तेरा-तेरा जणांच्या खेळात लहान देशांनी दोन वाटा चोखाळल्या. २०१७च्या विश्वचषकात टोंगाने बलाढ्य न्यूझीलंडला हरवले. पण त्या संघातले बहुतेक खेळाडू ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्येच वाढलेले होते. पापुआ न्यू गिनीने दुसरी वाट धरली. २०१४ साली त्यांनी ‘हंटर्स’ हा देशी संघ ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडच्या स्पर्धेत उतरवला. खेड्यातल्या मुलाला कसलेल्या संघांशी दर आठवड्याला झुंजण्याची संधी मिळाली. चौथ्याच हंगामात, २०१७ साली, हंटर्सनी ती स्पर्धा जिंकली.

आपल्या कबड्डीची गोष्ट याहून फार वेगळी नाही. नगर जिल्ह्यात गुणी मुलांची वानवा कधीच नव्हती. तालुका, जिल्हा, राज्य अशी निवडीची शिडीही होती. पण खेळावर पोट भरायचे, तर रेल्वे, पोलीस किंवा बँकेतली खेळाडू म्हणून मिळणारी नोकरी, एवढाच आधार असे. २०१४ सालीच प्रो कबड्डी सुरू झाली आणि वरची पायरी गावातून दिसू लागली. टाकळीभानचा अस्लम इनामदार २०२३च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेतील सुवर्णविजेत्या भारतीय संघात होता. त्याच्याच नेतृत्वाखाली पुणेरी पलटणने १ मार्च २०२४ रोजी प्रो कबड्डीचे पहिले विजेतेपद मिळवले.

मात्र एका अस्लमवर समाधान मानून चालणार नाही. गावचे मैदान आणि प्रो कबड्डी यांच्यामधली पायरी म्हणजे वर्षभर चालणारे, तोलामोलाचे सामने. ते तालुक्याच्या गावी झाले, तरच घरची माणसे दहावीनंतरही मुलाला मैदानावर राहू देतील.