ग्रंथपालांची बैठक : एका अनौपचारिक संस्थेचे स्वरूप व कार्य

कोणत्याही व्यवसायाच्या वाढीचा इतिहास लिहिताना अधिवेशने, ठराव, अधिनियम आणि अभ्यासक्रम यांची नोंद आवर्जून घेतली जाते. परंतु त्याच व्यवसायातील माणसे कामकाज आटोपल्यानंतर एकत्र कोठे बसतात, काय बोलतात, आणि त्या बोलण्याने व्यवसायाचे काय साधते, हा प्रश्न बहुधा विचारला जात नाही. वकिलांना न्यायालयाच्या आवारातील बार-रूम असते. शिक्षकांना शाळेतील शिक्षक-कक्ष असतो. व्यापाऱ्यांना बाजारपेठेतील गादी असते. ग्रंथपालाला असे काय आहे? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार प्रामुख्याने महाराष्ट्रातील सार्वजनिक ग्रंथालयांच्या, आणि त्यातही पाचोऱ्यासारख्या तालुक्याच्या गावाच्या संदर्भात करावयाचा आहे.

१. ग्रंथपालाचे एकाकीपण

ग्रंथपालाचा दिवस माणसांच्या सहवासात जातो, हे खरे. तथापि हा सहवास वाचकांचा असतो, समव्यावसायिकांचा नव्हे. महाविद्यालयात प्राध्यापक अनेक असतात, पण ग्रंथपाल एकच असतो. सार्वजनिक ग्रंथालयांची स्थिती याहून बिकट आहे. महाराष्ट्रात शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयांची संख्या सुमारे बारा हजारांच्या घरात गेली. त्यांची विभागणी 'अ', 'ब', 'क' व 'ड' अशा वर्गांत केलेली आहे. खालच्या वर्गांतील कित्येक ग्रंथालयांत एकच सेवक असतो. दार उघडणे, वर्तमानपत्रे मांडणे, पुस्तकांची देवघेव करणे, वर्गणी घेणे, दाखल-नोंदवही लिहिणे आणि अनुदानाचे कागद तयार करणे ही सर्व कामे तोच करतो. आपण केलेले वर्गीकरण बरोबर आहे काय, हे विचारावयास त्याच्या शेजारी कोणी नसते. चूक दाखविणारा नाही, आणि चांगले काम ओळखणाराही नाही, अशी ही दुहेरी अडचण होय.

वाचकाला चांगले पुस्तक मिळाल्याचा आनंद होतो. परंतु ते पुस्तक त्याच्या हाती यावे म्हणून मागे काय खटपट झाली, हे त्याला दिसत नाही, आणि दिसावे अशी अपेक्षाही नसते. ही खटपट ज्याला समजते असा श्रोता म्हणजे दुसरा ग्रंथपाल. म्हणून ग्रंथपालांची बैठक ही निव्वळ करमणुकीची बाब नसून व्यवसायाच्या रचनेतूनच निर्माण होणारी गरज आहे.

२. गप्पांचे समाजशास्त्र

गप्पा म्हणजे वेळेचा अपव्यय, ही समजूत सार्वत्रिक असली तरी समाजशास्त्राने तिला फारसा दुजोरा दिलेला नाही. गेओर्ग झिमेल या जर्मन समाजशास्त्रज्ञाने १९१० साली फ्रँकफुर्ट येथे दिलेल्या व्याख्यानात निव्वळ सहवासासाठी होणाऱ्या सहवासाचे विवेचन केले. अशा सहवासात व्यवहारातील पद, संपत्ती आणि हेतू हे काही काळ बाजूला ठेवले जातात व माणसे समान पातळीवर वावरतात, हे त्याच्या प्रतिपादनाचे सार होय. मोठ्या जिल्हा ग्रंथालयाचा ग्रंथपाल आणि खेड्यातील अर्धवेळ सेवक हे सभागृहात एका पातळीवर येणे कठीण. चहाच्या टपरीवर ते सहज येतात. रे ओल्डनबर्ग या अमेरिकन अभ्यासकाने १९८९ साली अशा जागांना 'तिसरे स्थान' असे नाव दिले. घर हे पहिले, कामाचे ठिकाण हे दुसरे, आणि जेथे कोणीही कोणाचा यजमान किंवा पाहुणा नसतो ते तिसरे. मराठी समाजाला ही कल्पना परकी नाही. गावचा पार, देवळाचा ओटा व शहरातील कट्टा ही या तिसऱ्या स्थानाचीच रूपे होत.

यापुढचा मुद्दा ज्ञानाचा आहे. मायकेल पोलान्यी याने १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात अनुक्त ज्ञानाची, म्हणजे कर्त्याच्या अंगी असूनही नियमांत पूर्णपणे न मावणाऱ्या ज्ञानाची, चर्चा केली. असे ज्ञान एकाकडून दुसऱ्याकडे कसे जाते, याचे उत्तम उदाहरण ज्युलियन ऑर या मानवशास्त्रज्ञाच्या १९९६ सालच्या अभ्यासात मिळते. झेरॉक्स कंपनीची यंत्रे दुरुस्त करणाऱ्या कारागिरांबरोबर राहून त्याने असे दाखविले की, कंपनीने दिलेल्या माहितीपुस्तिका जेथे अपुऱ्या पडत तेथे कारागीर परस्परांना सांगितलेल्या गोष्टींच्या आधारे मार्ग काढीत. या गोष्टी भोजनाच्या वेळी आणि फावल्या वेळात सांगितल्या जात. वरवर पाहता त्या गप्पाच होत्या. प्रत्यक्षात ते व्यवसायाचे चालते-बोलते भांडार होते.

३. बडोद्याचा प्रयोग

ग्रंथपालांच्या अशा मंडळाचे एक जुने उदाहरण बडोदे संस्थानात सापडते, आणि त्याचा मराठी भाषेशी थेट संबंध आहे. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे येथे जन्मलेले महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९०६ साली संस्थानात सक्तीचे प्राथमिक शिक्षण लागू केले. शिकलेल्या माणसाला पुढे वाचावयास काही मिळाले नाही, तर शिक्षण वाया जाते, हे ओळखून त्यांनी १९१० साली विल्यम ॲलन्सन बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण केले. बॉर्डन यांनी मध्यवर्ती ग्रंथालयाची व संस्थानभर पसरलेल्या ग्रंथालयांची व्यवस्था लावून दिली, १९११ साली प्रशिक्षणाचा वर्ग सुरू केला, आणि त्याचबरोबर 'लायब्ररी क्लब'ही स्थापन झाला. या मंडळाच्या प्रयत्नांतून १९१२ साली 'लायब्ररी मिसलनी' हे नियतकालिक निघाले. त्यात इंग्रजी, गुजराती व मराठी असे तीन विभाग असत. बॉर्डन स्वदेशी परतल्यावर जनार्दन सखाराम कुडाळकर यांनी या कार्याची धुरा वाहिली.

येथे क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. वर्ग, मंडळ आणि नियतकालिक ही तीनही अंगे दोन-तीन वर्षांच्या आत उभी राहिली. वर्गात नियम शिकविले जातात. मंडळात त्या नियमांविषयीच्या शंका बोलून दाखविता येतात. त्या बोलण्यातील टिकाऊ भाग नियतकालिकात छापून दूरच्या ग्रंथपालापर्यंत जातो. यांपैकी मधली पायरी गाळली तर वर्ग कोरडा होतो आणि नियतकालिकाला लेखक मिळत नाहीत. संस्थानचा आश्रय हे या प्रयोगाचे बळ होते आणि तीच त्याची मर्यादाही होती.

४. महाराष्ट्रातील संघ आणि त्यांची मर्यादा

महाराष्ट्रात संघटनेची परंपरा दीर्घ आहे. १९२१ साली पुण्यात वाचनालयांचा संघ उभा राहिला. मुंबई सरकारने नेमलेल्या फैजी समितीने १९४० साली दिलेल्या अहवालात मध्यवर्ती ग्रंथालयापासून जिल्हा, तालुका व खेडे इथपर्यंत उतरत जाणारी ग्रंथालयांची साखळी सुचविली. पुढे महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ साली संमत झाला आणि १९६८ साली ग्रंथालय संचालनालय अस्तित्वात आले, कृ. मु. उजळंबकर हे पहिले संचालक होत. राज्य, विभाग आणि जिल्हा या पातळ्यांवरील ग्रंथालय संघांनाही या व्यवस्थेत स्थान मिळाले.

या संघांचे कार्य मोलाचे आहे. परंतु त्यांचे स्वरूप प्रातिनिधिक आहे. अनुदान, वेतन, सेवाशर्ती हे त्यांचे विषय. आणि ते असावेत हे योग्यच होय. अधिवेशनात व्यासपीठ असते, विषयपत्रिका असते, वेळेचे बंधन असते. तेथे मागणी मांडता येते, पण 'हे मला येत नाही' असे सांगता येत नाही. बैठकीत मात्र हे वाक्य निःसंकोचपणे उच्चारता येते. अधिवेशन आणि बैठक यांतील मूलभूत भेद या एका वाक्यात आहे. जिल्हा संघामार्फत चालणाऱ्या ग्रंथालयशास्त्राच्या प्रमाणपत्र वर्गात हा मोकळेपणा काही काळ लाभतो. वर्ग संपून परीक्षा झाली म्हणजे विद्यार्थी आपापल्या गावी परततात आणि पुन्हा एकटे होतात.

५. पाचोऱ्याचे उदाहरण

पाचोरा हे जळगाव जिल्ह्यातील तालुक्याचे गाव मध्य रेल्वेच्या मनमाड-भुसावळ या मुख्य मार्गावर वसले आहे. येथूनच शेंदुर्णी व पहूर या गावांवरून जामनेरकडे जाणारी अरुंद मापाची गाडी सुमारे शतकभर चालली; २०२० साली ती थांबली. तिचे स्मरण येथे एवढ्यासाठीच की, चाळीसगाव, भडगाव, जामनेर आणि जळगाव या गावांतील माणसांना कामानिमित्त एकत्र येण्यास हे ठिकाण सोयीचे आहे. जळगावला १८७७ सालापासून चालत आलेले जिल्हा वाचनालय आहे, १९९० साली स्थापन झालेले विद्यापीठ आहे. धुळ्याला १९२७ सालापासूनचे राजवाडे संशोधन मंडळ आहे. या मोठ्या संस्थांच्या आणि खेड्यातील एका खोलीच्या वाचनालयाच्या मध्ये तालुक्याचा ग्रंथपाल उभा आहे. अशा गावी महिन्यातून एका सायंकाळी परिसरातील आठ-दहा ग्रंथपाल एकत्र बसतात, अशी कल्पना केली, तर त्यांच्या बोलण्यात कोणते विषय येतील?

पहिला विषय नावांचा येईल. वाचक 'बहिणाबाई' मागतो. त्याला आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) हव्या आहेत, की तुकारामशिष्या संत बहिणाबाई? पहिलीचे संलेख 'चौधरी' या आडनावाखाली करावे, तर खानदेशातील वाचक त्या नावाखाली शोधावयास जात नाही. धरणगावी जन्मलेले त्र्यंबक बापूजी ठोंबरे हे वाचकाच्या लेखी 'बालकवी'च आहेत. अमळनेरला शिक्षक असलेले पांडुरंग सदाशिव साने हे 'साने गुरुजी'च आहेत. कोणती तालिकीकरण-संहिता आधाराला घ्यावी यावर उत्तर बदलते. परंतु एका तालुक्यातील पाच ग्रंथालयांनी पाच निरनिराळी उत्तरे स्वीकारली, तर परस्परांकडून पुस्तक मागविणे दुरापास्त होते. असा निर्णय वरून आलेल्या परिपत्रकाने क्वचितच होतो. तो एकमेकांचे अनुभव ऐकून होतो.

दुसरा विषय वर्गीकरणाचा. ड्यूईच्या दशांश पद्धतीत मराठी साहित्याला ८९१.४६ हा अंक आहे. अमेरिकेतील ग्रंथालयात या अंकाखाली एखादा कप्पा भरेल. मराठी वाचनालयात निम्म्याहून अधिक कपाटे त्याखालीच येतात. कादंबरीचा अंक प्रत्येक पुठ्ठ्यावर तोच तो लिहिला गेला म्हणजे तो वेगळेपणा दाखविण्याचे आपले कामच करीत नाही. म्हणून अंक गाळून केवळ वाङ्मयप्रकाराचे अक्षर व लेखकाच्या नावाचे अक्षर वापरावे काय? आणि अहिराणीतील पुस्तके मराठीत मिसळावीत, की त्यांचे स्वतंत्र कपाट करावे? शेवटचा प्रश्न दिसतो तेवढा तांत्रिक नाही. घरी अहिराणी बोलणाऱ्या वाचकाला आपली बोली कपाटावर दिसते की नाही, हा त्यातील आशय आहे.

तिसरा विषय पुस्तकांच्या प्रकृतीचा. खानदेशचा उन्हाळा कडक. पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, कागद ठिसूळ होतो, आणि पुठ्ठ्याचा डिंक सुकून पाने सुटतात. पावसाळ्यात वाळवी आणि कसर यांचा उपद्रव होतो. कडुनिंबाचा पाला कोणी कसा वापरला, कपाट भिंतीपासून किती अंतरावर ठेवले, जुनी वर्तमानपत्रे कोणाकडे बांधून घेतली, ही माहिती क्रमिक पुस्तकात त्रोटक असते आणि वीस वर्षे काम केलेल्या माणसाकडे विपुल असते. तो माणूस निवृत्त झाला की ती त्याच्याबरोबर जाते. नवीन सेवकाला चाव्या मिळतात, दाखल-नोंदवही मिळते. अनुभव मिळत नाही. अनौपचारिक बैठक नसण्याची खरी किंमत ही आहे, आणि ती कोणत्याही लेखापरीक्षणात दिसत नाही.

६. आक्षेप व पथ्ये

या कल्पनेवर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, बैठकीचे रूपांतर निंदा-नालस्तीत होते. हा धोका खरा आहे. वाचक कोणते पुस्तक नेतो हे ग्रंथपालाजवळ ठेवलेले विश्वासाचे धन होय. वाचकाचे नाव बैठकीत उच्चारू नये, हे पहिले पथ्य. दुसरा आक्षेप असा की, आता मोबाईलमुळे प्रत्यक्ष भेटीची गरज उरलेली नाही. निरोप आणि परिपत्रके त्यावरून त्वरित पोहोचतात, यात शंका नाही. परंतु फाटलेले पुस्तक हातात घेऊन शिवण कोठे सुटली हे दाखविणे, किंवा वरिष्ठाच्या चेहऱ्याकडे पाहून आपली शंका पुढे रेटणे, हे समोरासमोरच घडते. एक साधन दुसऱ्याची जागा घेत नाही; पूरक मात्र ठरते.

तिसरे पथ्य अधिक नाजूक आहे. बैठक उपयुक्त आहे असे सिद्ध होताच तिला अध्यक्ष, चिटणीस, हजेरीपट आणि अहवाल देण्याचा मोह होतो. तसे झाले की ती बैठक राहत नाही, आणखी एक समिती होते. संस्थेने जागा द्यावी, दिवा द्यावा, चहाची सोय करावी, आणि बाजूला व्हावे.

तात्पर्य, वर्ग ज्ञान देतो, संघ हक्क मिळवून देतो, आणि बैठक या दोहोंना जोडणारी सोबत देते. १२ ऑगस्ट हा डॉ. रंगनाथन यांचा जन्मदिन ग्रंथपाल दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशी भाषणे होतात व हार घातले जातात. वर्षातील उरलेल्या दिवसांत तालुक्याच्या गावातील ग्रंथपालाला आपल्याच व्यवसायातील एक तरी माणूस बोलावयास मिळतो काय, याची पाहणी ग्रंथालयशास्त्राच्या एखाद्या विद्यार्थ्याने हाती घेतल्यास ती उपयुक्त ठरेल. चाळीसगावपासून जळगावपर्यंतचा लोहमार्ग आणि त्यालगतची गावे एवढे क्षेत्र अशा पाहणीच्या आरंभास पुरेसे आहे.