द्रवणांक कसा मोजावा?

अकरावीच्या रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकांत मला सर्वांत आवडलेला प्रयोग द्रवणांकाचा. घन पदार्थ ज्या तापमानाला वितळतो, ते तापमान म्हणजे द्रवणांक. नॅप्थलीन सुमारे ८० अंश सेल्सिअसला वितळते, तर बेन्झॉइक आम्ल १२२ अंशांना. कुटल्यावर दोन्हींची पांढरीच पूड दिसते, पण थर्मामीटर त्यांतला फरक दाखवतो.

साहित्य थोडेच लागते: केशनलिका, थर्मामीटर, लिक्विड पॅराफिन आणि बर्नर. केशनलिकेचे एक टोक ज्योतीत धरून बंद करावे. उघडे टोक बारीक, कोरड्या पुडीत दाबावे आणि नळी टेबलावर हलकेच आपटून पूड तळाशी घट्ट बसवावी. दोन-तीन मिलिमीटर पूड पुरते. मग पूड थर्मामीटरच्या फुग्याशेजारी येईल अशी नळी बांधून दोन्ही पॅराफिनमध्ये सोडावीत. नळीचे उघडे तोंड पॅराफिनच्या वर राहिले पाहिजे. पॅराफिनमध्ये पाण्याचा थेंबही नको, कारण तापल्यावर ते उसळते. डोळ्यांवर गॉगल हवाच.

खरी परीक्षा तापवताना होते. अपेक्षित द्रवणांकाच्या १५-२० अंश खालपर्यंत तापमान भरभर वाढवले तरी चालते. त्यानंतर मात्र मिनिटाला एक-दोन अंशच वाढवावेत. घाई केली तर उष्णता पुडीच्या आतपर्यंत पोहोचण्याआधीच पारा पुढे सरकतो आणि नोंद चुकते. पहिला थेंब दिसला की एक आकडा लिहावा आणि सगळी पूड पारदर्शक झाली की दुसरा. दुसऱ्या वाचनासाठी पॅराफिन थोडे निवू द्यावे व नवी नळी घ्यावी.

दोन आकडे का? शुद्ध पदार्थ साधारण एक-दोन अंशांच्या आतच पूर्ण वितळतो. भेसळ असेल तर तो आधीच वितळू लागतो आणि जास्त अंशांपर्यंत वितळत राहतो. कुल्फीवाला बर्फात मीठ घालतो, त्यामागेही हेच तत्त्व आहे. मिठामुळे बर्फ शून्याच्या खालीच वितळू लागतो.

याचा एक सुंदर उपयोग आहे. युरिया आणि सिनॅमिक आम्ल, दोन्हींचा द्रवणांक सुमारे १३३ अंश. मग हातातली पूड कोणती? तिच्यात थोडा युरिया मिसळून पुन्हा मोजावे. आकडा तोच राहिला तर ती युरिया आणि बराच खाली आला तर सिनॅमिक आम्ल. औषधांच्या तपासणीतही द्रवणांक पाहतात. तापासाठी घरोघरी असलेल्या पॅरासिटामॉलचा द्रवणांक सुमारे १७० अंश आहे.

म्हणूनच एक गोष्ट आवर्जून सांगतो. उत्तर पुस्तकात आधीच छापलेले असते. आपले वाचन ११७ ते १२० आले, तर जर्नलमध्ये १२२ लिहिण्याचा मोह होतो. पण ११७ ते १२० हा आकडा काहीतरी सांगत असतो: पूड ओली असेल, अशुद्ध असेल किंवा थर्मामीटर तपासायला हवा. १२२ लिहिले की ही खबर तिथेच पुसली जाते. टेहळणीला गेलेला जवान समोर जे दिसले तेच कळवतो. त्याच्या शब्दावर मागची तुकडी पाऊल टाकते. औषध तपासणाऱ्याच्या नोंदीवर तसाच एखादा रुग्ण अवलंबून असतो. ती सवय आपल्याला आत्ताच, या छोट्याशा नळीपासून लावून घेता येते.