आजच्यापुरतं बळ

इटियाडोह धरणाचा कालवा सुटला की आमच्याकडे धानाच्या रोवणीची धांदल उडते. पऱ्ह्यांच्या पेंढ्या बांधीत जाऊन पडतात, बाया चिखलात उतरतात. माझ्या ह्यांना, नवऱ्याला, अर्धांगवायू झाल्यापासून माझा दिवस त्याच्याही आधी सुरू होतो. कूस बदलून द्यायची, पाठ कोमट पाण्यानं पुसून कोरडी करायची, मग खाटेशेजारी बसून बायबलमधला एकच उतारा मोठ्यानं वाचायचा. ह्यांना शब्द फुटत नाहीत. पण मी ‘आमेन’ म्हटलं की डाव्या हाताची बोटं माझं मनगट दाबतात.

शेजारणी विचारतात, रोज एवढं बळ आणतेस कुठून? साठवलेलं बळ माझ्यापाशी नाहीच. गाढवी नदीवरच्या त्या धरणात पाणी कितीही असो, धान पिकतं ते पाळीचं पाणी बांधीत पोचलं तरच. प्रार्थनेचंही तसंच आहे. येशूनं शिष्यांना शिकवलेल्या प्रार्थनेत भाकर मागितली आहे ती आजची. जुन्या करारातल्या निर्गमाच्या पुस्तकात मान्न्याची गोष्ट आहे. रानात भटकणाऱ्या इस्राएली लोकांना हे अन्न रोज सकाळी वेचावं लागे. उद्यासाठी झाकून ठेवलं की त्यात किडे पडत. फक्त शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी दुप्पट वेचायची मुभा होती. दमलेल्या माणसाच्या विसाव्याची सोयसुद्धा त्यात आहे, हे मला फार मोलाचं वाटतं.

वाचनानं माणूस कसा बदलतो, याची गोष्ट आमच्या वाटेवरचीच. आमच्या गोंदियावरून जाणाऱ्या रेल्वेनंच 1893 साली कवी नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. डब्यातल्या एका युरोपियन प्रवाशानं त्यांना नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं सांगितलं. टिळकांनी वाचण्याचा शब्द दिला होता, तो पाळला. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात डोंगरावरचं प्रवचन सुरू होतं. तिथं ते खिळले. 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांची गीतं आजही मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या उपासनेत गायली जातात.

मला मात्र त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई अधिक जवळच्या. नवऱ्याच्या धर्मांतरानं त्यांचा संसारच मोडला, काही वर्षं त्या वेगळ्या राहिल्या. सोवळ्याओवळ्याची एकेक गाठ त्यांनी स्वतः, आपल्या मनाला विचारून सोडवली आणि 1900 साली बाप्तिस्मा घेतला. त्यांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचताना कळतं, श्रद्धा स्वयंपाकघरात, भांडणात, पाहुण्यांच्या गर्दीत कशी मुरत जाते. 1919 साली टिळक गेले. त्यांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य पुढं याच बाईंनी पुरं केलं. शाळेचं तोंडही न पाहिलेल्या बाईंनी!

कुणाला सुरुवात करायची असेल तर मत्तयाचे पाच ते सात हे तीन अध्याय घ्यावेत, रोज थोड्या ओळी. मोठ्यानं वाचावं, मन भरकटलं तरी कान ऐकतो. आणि प्रार्थनेत गोडगोड बोलू नये. सोसायटीचं कर्ज, लेकीचं लग्न, पाठीतली कळ, जे असेल ते नाव घेऊन सांगावं. स्तोत्रसंहितेतली माणसं देवाशी भांडतात, रडतात. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अखेरपर्यंत अंधारातच राहतं, तरी ते प्रार्थनांच्या पुस्तकात राखून ठेवलेलं आहे. गेल्या पावसात ह्यांचा ताप रात्रभर उतरला नव्हता, तेव्हा मी तेच वाचलं, आणि तालुक्याच्या दवाखान्यात न्यायला गाडी बोलावली.