मीठ पडण्याआधी

श्रीरामपुरात रीफ टँक, म्हणजे प्रवाळांचे मत्स्यालय, ठेवायचा तर समुद्र घरीच बनवावा लागतो: लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम समुद्री मीठ. मीठ पाकिटातून येते, पाणी मात्र इथलेच. १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पूर्ण झाले, प्रवरेच्या कालव्यांवर ऊस वाढला, पाठोपाठ खते आली, आणि या पट्ट्यातल्या कित्येक विहिरी-बोअरच्या पाण्यात क्षार व नायट्रेट वाढले. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅम नायट्रेट आपल्या मानकांना चालते. प्रवाळांभोवतीच्या समुद्रात ते एक मिलिग्रॅमही नसते. म्हणून माझे म्हणणे असे की इथल्या टाकीची खरी सफाई मीठ पडण्याआधीच व्हायला हवी. नंतर फिल्टरमध्ये कितीही महागडा मीडिया भरला तरी ती कसर भरून निघत नाही.

कारण साधे रसायनशास्त्राचे आहे. मीठ घालण्याआधी पाणी आरओच्या (रिव्हर्स ऑस्मोसिसच्या) पडद्यातून गाळतात; त्यातून निसटलेले क्षार डीआय, म्हणजे आयन काढणाऱ्या, रेझिनचे मणी धरून ठेवतात, आणि गोड्या पाण्यात ते क्षार इतके थोडे असतात की रेझिन बरेच दिवस पुरते. तेच रेझिन समुद्रपाण्यात टाकले तर सोडियम, क्लोराइड, सल्फेट यांची झुंबड उडून लिटरभर रेझिन जेमतेम लिटर-दोन लिटर पाण्यातच संपते. खाऱ्या पाण्यात सरसकट गाळणे अशक्य, तिथे निवडून पकडणारेच लागते. लोह-हायड्रॉक्साइडचे विटकरी दाणे फॉस्फेट पकडतात. जर्मनीत ते पिण्याच्या पाण्यातले आर्सेनिक काढण्यासाठी तयार झाले, आणि रासायनिक वागणुकीत आर्सेनेट व फॉस्फेट सख्खे भाऊच. तांब्यासाठी वेगळे रेझिन असते. ॲक्टिव्हेटेड कार्बन सेंद्रिय द्रव्ये धरतो: पाण्याची पिवळसर झाक, मऊ प्रवाळांनी शेजाऱ्यांवर सोडलेली विषे. एका ग्रॅमच्या छिद्रांचे आतले पृष्ठफळ हजार चौरस मीटरच्या घरात जाते, तरी नायट्रेट त्यातून खुशाल निसटते. कोळशाने रंग काढण्याची विद्या साखरेच्या धंद्यातच वाढली. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या रिफायनऱ्या हाडांच्या कोळशातून पाक गाळत. आपले बहुतेक कारखाने चुना आणि गंधकावर रस साफ करतात, म्हणून ऊसपट्ट्यातही हा कोळसा फारसा ओळखीचा नाही.

आरओ पाणी वाया घालवते, आणि पाण्याची ओढ असलेल्या भागात हा आक्षेप मला गंभीर वाटतो. पण ते टाकाऊ पाणी फरशी पुसायला, संडासात चालते. उलट बाजूही बघावी: उन्हाळ्यात टाकीतले पाणी रोज उडते, वाफ एकटी जाते, क्षार मागे राहतात. ती तूट बोअरच्या पाण्याने भरली की प्रत्येक बादलीमागे थोडे नायट्रेट, थोडे सिलिकेट साठत जाते. मग शेवाळ का येते म्हणून मीडिया बदलत बसायचे.

कार्बन सूक्ष्म मूलद्रव्येही ओढतो, हा दुसरा आक्षेप. थोडीफार जातात, विशेषतः सेंद्रिय द्रव्यांना चिकटलेली. पण नियमित पाणी बदलताना नव्या मिठातून ती परत मिळतात. त्यापेक्षा कोळशाची जात तपासावी. फॉस्फोरिक आम्लाने तयार केलेला कोळसा स्वतःच फॉस्फेट सोडतो. चमचाभर कोळसा आरओच्या पाण्यात रात्रभर भिजवून सकाळी फॉस्फेटची चाचणी केली की कळते. वापरण्याआधी काळी भुकटी निघून पाणी नितळ होईपर्यंत तो धुवावा, आणि टाकीमागे पांढरा कागद धरून पाणी पिवळे दिसू लागले की बदलावा. राहता राहिले प्रवाळ: भित्ती बांधणारे कठीण प्रवाळ १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, मालवणच्या समुद्रातून ते उचलून आणणे गुन्हा आहे.