जगभरचा चहा आणि ‘पुरे’ म्हणायच्या तऱ्हा

“अर्धाच कप टाकते,” म्हणत काठोकाठ भरलेला कप समोर येतो, हा आपल्या घरोघरचा अनुभव. चहाचा हा आग्रह आपल्यापुरता नाही बरं! चहा जिथे जिथे पोचला, तिथे आग्रहाची एक रीत रुजली आणि ‘पुरे’ म्हणायची एक युक्तीही. चला, एक फेरी मारून येऊ.

कपातला चमचा
जर्मनीच्या उत्तर किनाऱ्यावर ईस्ट फ्रीजिया नावाचा प्रदेश आहे. तिथे माणशी वर्षाला सुमारे ३०० लिटर चहा रिचवतात! कपात आधी खडीसाखर, तिच्यावर गरम कडक चहा. खडा तडतडला की कडेनं थोडी मलई सोडायची आणि ढवळायचं मात्र नाही. पहिला घोट मलईचा, मधला कडवट, शेवटचा गोड. पाहुण्यानं निदान तीन कप घ्यायचेच. पुरे झालं, की चमचा कपात ठेवायचा.

पेल्यावरचा चमचा
माणशी चहा पिण्यात तुर्कस्तान जगात आघाडीवर आहे. वर्षाला तीन किलोंहून जास्त चहापत्ती! एकावर एक अशा दोन किटल्या असतात. वरच्या किटलीत दाट अर्क, खालच्या किटलीत उकळतं पाणी. कमरेत बारीक असलेल्या काचेच्या पेल्यात हवा तसा कडक-फिका चहा करून घ्यायचा. दुधाचं नाव नाही. थांबायचं असेल तर चमचा पेल्यावर आडवा ठेवतात.

कप रिकामा करू नका
तिबेटी चहात याकचं लोणी आणि मीठ असतं. लाकडी नळकांड्यात तो ताकासारखा घुसळतात. मीठ ऐकून नाक मुरडू नका, हाडं गोठवणाऱ्या थंडीत हा स्निग्ध घोट फार मोठा आधार असतो. दर घोटानंतर यजमान कप पुन्हा भरतो. नको असेल तर कपाला हात लावायचा नाही. निघताना मात्र तो संपवायचा.

तीन फेऱ्या
सहारातले तुआरेग लोक तीच हिरवी पत्ती तीनदा उकळतात. पहिला पेला जहाल, दुसरा मवाळ, तिसरा गोड. तिसऱ्याआधी उठणं म्हणजे यजमानाचा अपमान. मोरोक्कोत चहात पुदिना पडतो आणि किटली उंच धरून धार सोडतात, म्हणजे वर छान फेस येतो.

दातात साखर
इराणमध्ये साखरेचा खडा दातांत धरून त्यावरून चहा गाळत पितात. रशियात चहासोबत फळांचा मुरंबा हवाच.

बोटांनी आभार
दक्षिण चीनमध्ये कुणी चहा ओतला, की दोन बोटं दुमडून टेबलावर हलकेच टकटक करतात. आख्यायिका अशी की वेषांतर करून हिंडणाऱ्या चिएनलाँग बादशहानं सेवकाला स्वतः चहा ओतला. दंडवत घालावा तर बादशहा ओळखला जाणार! मग सेवकानं बोटांनीच दंडवत घातला.

खायचा चहा
म्यानमारमध्ये चहाची आंबवलेली पानं तळलेला लसूण, शेंगदाणे आणि तीळ घालून खातात. याला म्हणतात लापेट. पूर्वी निवाडा झाल्यावर वादी-प्रतिवादींनी लापेट खाल्लं, की निकाल मान्य असं समजत.

एका लग्नाची गोष्ट
१६६२ साली पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सची राणी झाली. हुंड्यात मुंबई बेट गेलं, हे आपण शाळेत शिकलो. त्याच राणीमुळे चहाही इंग्रज दरबारात रुजला! पुढे इंग्रजांनी चहाचे नियमच केले. लेखक जॉर्ज ऑर्वेल यांनी १९४६ साली उत्तम चहाचे ११ नियम सांगितले. त्यात साखरेला बंदी.

चहा की टी?
दोन्ही शब्द चिनीच. ‘टी’ निघाला फुजियान किनाऱ्यावरच्या बोलीतल्या ‘ते’पासून आणि डच जहाजांतून युरोपभर गेला. ‘चा’ खुश्कीच्या मार्गानं इराण-तुर्कस्तानात पोचला. पोर्तुगीजही ‘शा’ म्हणतात, कारण त्यांचा व्यापार मकावमधून चाले.

मीठ, लोणी, पुदिना, मलई की आपलं आलं आणि गवती चहा, आवड ज्याची त्याची. पण पाहुण्याला थोडा वेळ थांबवून घ्यायचं, एवढ्यासाठीच सगळीकडे किटली चढते. म्हणून दारात कुणी आलं, की “चहा घेणार का?” असं विचारत बसू नका. आधी आधण ठेवा!