हात धुवून मागे लागलेलं

पहाटे पाचला भिंतीपलीकडून पाण्याचा आवाज सुरू झाला की मी समजायचे, उठला वाटतं. शेजारचा मुलगा. तेव्हा नववीत होता. आमच्या धाराशिवात, म्हणजे त्या वेळच्या उस्मानाबादेत, नळाला आठ-आठ, दहा-दहा दिवस पाणी येत नाही. बाई पाहुण्याला चहा विचारताना कचरत नाही, पण आंघोळ करणार का हे विचारताना कचरते. अशा गावात तो एकटा सकाळी बारा कळश्या पाणी संपवायचा. फक्त हात धुवायला.

"पाण्याचं नाही वो ताई," त्याची आई मला म्हणाली होती, "लेकराचे हात बघवंनात." बोटांच्या पेरांवर चिरा पडलेल्या, त्यातून रक्त यायचं. ती रात्री झोपेत त्याच्या हाताला खोबरेल तेल लावायची. जागेपणी लावू द्यायचा नाही, कारण तेल लागलं की पुन्हा धुणं आलंच.

आजीला मात्र कौतुक. "आमच्यात एवढं सोवळं कुणी पाळत नाही!" आपल्याकडे जुना शब्द आहे बघा, मंत्रचळ. माझी आई सरसकट सगळ्याच टापटिपीच्या बायकांना मंत्रचळी म्हणायची, त्यामुळे तो शब्द आपण हसण्यावारी नेला. डॉक्टर त्याला ओसीडी म्हणतात. मनात नको असलेला विचार घुसतो, की हात घाण आहेत, त्यामुळे घरात कुणाला काहीतरी होईल. विचार खोटा आहे हे त्या मुलालाही कळतं. तरी धुतल्याशिवाय जीव थाऱ्यावर येत नाही. धुतलं की घटकाभर बरं वाटतं, आणि त्या घटकाभराच्या बरं वाटण्यानेच रोग पक्का होत जातो.

तुळजापूरला देवीलाही नेऊन आणलं त्याला. त्यात गैर काहीच नाही, पण डॉक्टरकडे जाऊ नका असं देवीने कधी कुणाला सांगितलंय? दीड वर्ष तसंच गेलं. शेवटी २०१९ च्या उन्हाळ्यात सोलापूरला दाखवलं. त्या वेळी राज्यात सरकारी मनोरुग्णालयं चार, ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी. मराठवाड्यात एकही नाही. आपल्या जिल्ह्यातली माणसं सोलापूर, लातूर नाहीतर अंबाजोगाई गाठतात. परगावी गेलेलं एका परीने बरंच असतं, ओळखीचं कुणी भेटत नाही. "दातांसाठी जातो" असं ती शेजारीपाजारी सांगायची.

गोळ्या होत्याच, पण खरं औषध उलटंच होतं. दाराच्या कडीला हात लावायचा आणि धुवायचा नाही. आधी पाच मिनिटं, मग पंधरा, मग अर्धा तास. भीती दुधासारखी वर वर येते, आता उतू जाणार असं वाटतं, पण थांबलं तर आपोआप खाली बसते. घरच्यांनाही अभ्यास होता. "मम्मी, माझे हात स्वच्छ आहेत ना?" असं त्याने विचारलं तर उत्तर द्यायचं नाही. आईला ते सगळ्यात जड गेलं. पण जानेवारी २०२० पर्यंत बाराच्या तीन कळश्या झाल्या. पहाटेचा आवाजही बंद झाला.

आणि मग मार्च आला.

आठवतंय ना? कुणालाही फोन लावा, आधी खोकला ऐकू यायचा आणि मग हात धुवा, हात धुवा. टीव्हीवर नट-नट्या साबण लावून दाखवत होते. मी शिक्षिका, शाळेच्या ग्रुपवर हात धुण्याचे व्हिडिओ मीच पाठवत होते. भिंतीपलीकडे तो फोन कोण बघतोय, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. एका संध्याकाळी गच्चीवर तो मला म्हणाला, "काकू, आता सगळेच माझ्यासारखे झाले. मग मला एकट्याला गोळ्या कशाला?"

काय उत्तर देणार? मी "गोळ्या बंद करू नकोस" एवढंच म्हणाले आणि तोंडावरचा रुमाल नीट केला.

खरं सांगायचं तर पहिले काही आठवडे तो खुशीत होता. आपण सगळे धास्तावलेले, आणि ज्याला कायम धास्ती तो निवांत! शाळा नाही, वर्गातला चिडवणारा घोळका नाही, बाहेर का येत नाहीस म्हणून कुणी विचारणारं नाही. असं अनेक मुलांचं झालं. ज्यांना शाळेची, गर्दीची भीती होती, त्यांना लॉकडाऊन ही सुटकाच वाटली. पण भीतीच्या दुखण्यात टाळणं हेच विष असतं. जेवढं टाळाल तेवढं परत जाणं अवघड. त्याची किंमत नंतर द्यावी लागते.

मध्येच एक खडा लागला. तो त्या वर्षी दहावीला होता. सगळे पेपर झाले, राहिला फक्त २३ मार्चचा भूगोल. आधी तो पुढे ढकलला, मग एप्रिलमध्ये रद्दच झाला आणि बाकीच्या पेपरांच्या सरासरीने गुण दिले. माझ्या वर्गातल्या मुलांनी उड्या मारल्या. याला मात्र ते अर्धवट राहिलेलं सोसेना. कडी लागली की नाही हे दहा वेळा बघणारं मूल ते. त्याच्या आयुष्याची एक कडी सरकारनेच उघडी ठेवली होती. मे महिन्यात, निकाल लागायच्या आधी, त्याने जुन्या प्रश्नपत्रिका घेऊन तो पेपर घरी चार वेळा सोडवला. वेळ लावून.

तपासणीचं काय? एसटी बंद, जिल्ह्याच्या हद्दीवर पोलीस. २५ मार्च २०२० ला केंद्र सरकारने फोनवरून, व्हिडिओवरून रुग्ण तपासायचे नियम काढले, त्यामुळे डॉक्टर फोनवर भेटू लागले. ऐकायला किती सोयीचं! पण दोन खोल्यांच्या घरात, वडील दिवसभर समोर बसलेले, आजी पलंगावर, तिथे पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने मनातलं काय बोलायचं? "हो", "नाही", "बरं आहे", एवढंच. सोलापूरच्या फेरीत डॉक्टरांची अर्ध्या तासाची भेट होतीच, पण येता-जाता चार तास आई आणि तो एसटीत शेजारी बसायचे. त्यातच तो बोलायचा म्हणे, खिडकीबाहेर बघत. ते चार तास कुठल्याच फोनवर येत नव्हते. शेवटी आईने तोडगा काढला. डॉक्टरांचा फोन आला की तो गच्चीवर टाकीच्या आडोशाला जायचा आणि ती जिन्यात सुपात गहू घेऊन निवडत बसायची. कुणी वर जाऊ लागलं तर म्हणायची, "वर वाळवण आहे, पाय देऊ नका."

डॉक्टरांनी नियमही बदलला. सरकार सांगतं तेवढे हात धुवायचे, बाहेरून आल्यावर, जेवायच्या आधी, संडासहून आल्यावर, वीस सेकंद. त्याच्या वर एकदाही नाही. आधी आकडा नव्हता, आता आकडा मिळाला.

एकदा मात्र गोळ्या संपल्या. औषध दुकानदार म्हणाला, चिठ्ठी जुनी झाली, मिळणार नाही. नऊ दिवस खंड पडला. चक्कर, चिडचिड, रात्रभर जागरण. वडिलांनी उद्धटपणा समजून त्याच्यावर हात उचलला. या गोळ्या एकदम बंद केल्या की असं होऊ शकतं. त्या कमी करायच्या तर डॉक्टरच्या सांगण्यावरून, हळूहळू. पण हे घरातल्या पुरुषाला कुणी सांगितलेलंच नव्हतं, सगळी उस्तवार आईकडे. अखेर एका दुधाच्या गाडीवाल्याने सोलापूरहून पाकीट आणून दिलं.

२०२१ च्या एप्रिलमध्ये दुसरी लाट आली आणि त्याच्या वडिलांना कोरोना झाला. अकरा दिवस कोविड सेंटरला. पहाटेचा तो पाण्याचा आवाज पुन्हा सुरू झाला. चौथ्या दिवशी मी गच्चीवर लांब उभी राहून त्याला जेवलास का विचारलं. तो म्हणाला, "काकू, मी त्या दिवशी भाजीच्या पिशवीला हात लावून धुतला नव्हता. डॉक्टरांचं ऐकलं. म्हणून पप्पांना झालं."

मी बावीस वर्षं मुलांना शिकवते. त्या मुलाला काय सांगावं, मला सुचलं नाही. त्याच्या रोगाने वर्षानुवर्षं जी धमकी दिली होती ती जगाने खरी करून दाखवली होती. डॉक्टरांशी पुन्हा टाकीच्या आडून बोलणं झालं. तो विषाणू श्वासातून पसरतो, वडील रोज दुकानावर बसत होते, हे त्यांनी समजावलं. पण नुसत्या समजुतीने हे दुखणं जात नाही. "कदाचित माझ्यामुळे झालंही असेल" हा विचार मनात येऊ द्यायचा आणि तरीही उठून हात धुवायचे नाहीत, असा तो अभ्यास होता. वडील अकराव्या दिवशी चालत घरी आले. कळश्या खाली यायला मात्र दिवाळी उजाडली.

आमच्या शाळेतली एक मुलगी आठवते. जवळच्या खेड्यातून एसटीने यायची. नववीत असताना तिचं खाणं-बोलणं बंद झालं, नैराश्याचं निदान झालं, लातूरला उपचार सुरू झाले. घरात फक्त आईला माहीत, इतरांना "पोटाचं दुखणं" म्हणून सांगितलेलं. लॉकडाऊनमध्ये पुण्याहून चुलते, चुलती, त्यांची मुलं गावी परतली आणि घर भरलं. तुरीच्या डाळीच्या डब्यात लपवलेल्या गोळ्या जाऊबाईंच्या हाती लागल्या. "ह्या तर वेडाच्या गोळ्या!" आठ दिवसांत भावकीत झालं आणि पंधराव्या दिवशी स्थळ आलं. लग्न केलं की बरी होईल, आणि आता पन्नास माणसांत उरकतंय, खर्चही नाही. पोरगी पंधरा वर्षांची! आईने मला फोन केला, मी वडिलांशी बोलले. कायद्याची भीती घातली, हे लपवत नाही. लग्न थांबलं. पण तोवर मुलीला कळलं होतं की घरातल्या दहा माणसांना आपण कशा दिसतो.

तिची दहावीची परीक्षा २०२१ मध्ये न होताच निकाल लागला. ऑक्टोबरमध्ये शाळा-कॉलेजं उघडली, सगळ्या मैत्रिणी उड्या मारत गेल्या. तिला उंबरा ओलांडवेना. कशीबशी तयार झाली तर एसटीचा संप लागला, तो एप्रिल २०२२ पर्यंत. आपल्यासाठी साथ संपली तेव्हा तिची सुरू झाली होती. वर्ष वाया गेलं, पण पुढच्या वर्षी ती अकरावीला बसली. आई पहिला महिनाभर तिच्यासोबत कॉलेजच्या फाटकापर्यंत जात होती.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयाच्या मुलांत मानसिक आजाराचं प्रमाण ७.३ टक्के निघालं होतं. साठ मुलांचा माझा वर्ग धरला तर चार. हे साथीच्या आधीचं. आपल्या जिल्ह्यात शेतकरी आत्महत्यांमुळे आशाताई घरोघरी मनाची विचारपूस करू लागल्या, चांगलंच झालं. पण त्या विचारतात कर्त्या माणसाला, कोपऱ्यात अभ्यासाला बसलेल्या मुलाला नाही.

ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची टेलिमानस सेवा आहे, क्रमांक १४४१६. फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. फोन मुलाच्या हाती द्या आणि तुम्ही गहू निवडायला जिन्यात बसा. आणखी एक, मुलाला दाखल करायची वेळ आली तर भिऊ नका. २०१७ च्या कायद्याप्रमाणे अठराच्या आतल्या मुलाला मोठ्या रुग्णांपासून वेगळं ठेवायचं असतं आणि घरचं माणूस सतत त्याच्याजवळ राहायचं असतं. मुलगी असेल तर बाईमाणूस.

शेजारच्या मुलाने अकरावीला आर्ट्स घेतलं, भूगोल घेऊन. मार्च २०२२ मध्ये बारावीची परीक्षा वर्गात बसून झाली. भूगोलाचा पेपर देऊन आला तो सरळ आमच्याकडे, पेढे घेऊन. आता सोलापुरात शिकतो, गोळी अजून एक चालू आहे. हे लिहिण्याआधी मी त्याला विचारलं. नाव घालू नका म्हणाला, बाकी लिहा. लिहून झाल्यावर वाचायला दिलं. त्याने दोनदा वाचलं, मग तिसऱ्यांदा. म्हणाला, "काकू, बारा नाही, चौदा कळश्या होत्या." मी खोडायला पेन उचललं, तर हसून म्हणाला, "राहू द्या. चुकीचंच राहू द्या."