इंजिनाला ताप किती असावा?

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. भर दुपारी बीडहून नांदूरघाटला आम्ही आमच्या जुन्या लहान मोटारीने परतत होतो. गाडीत चार माणसे, टपावर सामान आणि समोर मांजरसुंब्याचा घाट. निम्मा घाट चढून होतो न होतो तोच तापदर्शकाचा काटा तांबड्या पट्ट्याला टेकला आणि बॉनेटखालून वाफ येऊ लागली. गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केले. नववीत शिकणारा माझा भाचा पाण्याची बाटली घेऊन रेडिएटरचे टोपण उघडायला निघाला. मी त्याचा हात धरून मागे ओढला. "मामा, पाणीच तर घालायचंय!" तो रुसून म्हणाला.

मी त्याला का अडवले, हे समजण्यासाठी थोडा हिशेब करावा लागेल.

नऊ शेगड्यांची उष्णता

ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी लहान मोटार लिटरला २० किलोमीटर धावते असे धरू. म्हणजे तासाला ३ लिटर पेट्रोल जळते. एक लिटर पेट्रोलपासून सुमारे ३२,००० किलोज्यूल उष्णता मिळते. भागाकार करून पाहा. दर सेकंदाला सुमारे २७ किलोज्यूल, म्हणजे २७ किलोवॉट. यातला जेमतेम पाव ते तिसरा हिस्सा चाके फिरवण्याच्या कामी येतो. बराचसा भाग धुराबरोबर निघून जातो आणि साधारण एक तृतीयांश, म्हणजे ९ किलोवॉट, इंजिनाभोवती खेळणाऱ्या पाण्याला मिळतो. एक-एक हजार वॉटच्या नऊ विजेच्या शेगड्याच म्हणा ना!

हे पाणी असते जेमतेम साडेतीन लिटर. ही सारी उष्णता त्यातच साठत राहिली, तर ३० अंशांवरून १०० अंशांवर जायला त्याला दोन मिनिटेही पुरतील. म्हणून पंप ते पाणी रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून फिरवतो आणि समोरून येणारा वारा त्याची उष्णता घेऊन जातो. घाटात मात्र दुहेरी अडचण होते. चढासाठी इंधन जास्त जळते आणि वेग कमी झाल्याने वारा कमी मिळतो. तेव्हा पंख्यावर भिस्त ठेवावी लागते. प्रीमियर पद्मिनीचा पंखा इंजिनाच्या पट्ट्याने फिरत असे. १९८३ साली आलेल्या मारुती ८०० मध्ये तो विजेचा होता आणि पाणी ठरावीक तापमानाला पोचले की आपोआप सुरू होई.

गार इंजिन बरे नव्हे

मग इंजिन जितके गार, तितके चांगले का? नाही. लहान पेट्रोल मोटारीत हे पाणी साधारण ८० ते १०० अंश से. या दरम्यान असणे, हीच निरोगी अवस्था. आपल्या शरीराला जसे ३७ अंश, तसे इंजिनाला ९०! इंजिन त्याहून थंड राहिले तर पेट्रोलची नीट वाफ होत नाही. त्याचे थेंब सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन काढतात, झीज वाढते आणि पेट्रोलही जास्त लागते.

हे तापमान राखतो थर्मोस्टॅट. त्याच्या छोट्या डबीत मेण असते. पाणी सुमारे ८२ अंशांवर गेले की मेण वितळून प्रसरण पावते, झडप उघडते आणि पाणी रेडिएटरकडे जाऊ लागते. "उन्हाळ्यात तो काढूनच टाका, गाडी गार राहील," असा सल्ला आपल्याकडे सर्रास मिळतो. तो मानू नये, हे आता तुमच्या लक्षात आले असेल.

टोपण नव्हे, कुकरचे झाकण

पाणी १०० अंशांना उकळते, तर मग ९५ अंशांवरचे इंजिन धोक्याच्या काठावरच म्हणायचे का? शिवाय उंचीबरोबर हवेचा दाब घटतो; समुद्रसपाटीपासून ६०० मीटरवर पाणी सुमारे ९८ अंशांनाच उकळते. यावरचा उपाय तुमच्या आईच्या स्वयंपाकघरात आहे. कुकरमध्ये दाब वाढल्याने पाण्याचा उत्कलनबिंदू वाढतो. रेडिएटरचे टोपणही स्प्रिंगच्या जोरावर आत सुमारे ०.९ वातावरण इतका जादा दाब राखते. मग साधे पाणीही ११८ अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही.

आता समजा, आत ११० अंशांचे पाणी आहे आणि कोणी टोपण उघडले. दाब एकदम उतरतो. ९८ अंशांच्या वरची १२ अंशांची उष्णता, म्हणजे किलोला सुमारे ५० किलोज्यूल, लगेच वाफ करण्यात खर्च होते. एक किलो पाण्याची वाफ व्हायला २,२६० किलोज्यूल लागतात. म्हणजे शेकडा दोनच भाग पाणी वाफ होईल. पण साडेतीन लिटरांतले ते ७८ ग्रॅम पाणी वाफ होताच १३० लिटर जागा मागते! ती वाफ उकळते पाणी बरोबर घेऊन उसळते, आणि समोर असतो उघडणाऱ्याचा चेहरा.

आम्ही झाडाखाली तासभर बसलो. इंजिन हाताला सोसेल इतके निवल्यावर टोपणावर जाड फडके टाकून ते हळूहळू सैल केले, मग पाणी भरले. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतणेही टाळले. एकाएकी आकुंचन पावून धातूला तडा जाऊ शकतो.

दोष कुणाचा?

दुसऱ्या दिवशी रेडिएटर उघडला, तेव्हा नळ्यांत पांढरट थर दिसला. दोष माझाच! वर्षभर मी त्यात बोअरचे पाणी भरत आलो होतो. कठीण पाण्यातले क्षार तापल्यावर थरून बसतात. चहाच्या पातेल्यात तुम्ही तो थर पाहिलाच असेल. तो उष्णतेचा मंदवाहक असतो आणि नळ्यांची वाटही अडवतो. म्हणून रेडिएटरमध्ये शुद्ध पाण्यात मिसळलेले शीतक द्रव घालतात. त्यातले ग्लायकॉल उत्कलनबिंदू वाढवते आणि इतर रसायने गंज रोखतात. हा द्रव विषारी असतो, लहान मुलांपासून दूर ठेवावा.

करून पाहा : सुई नसलेल्या सिरिंजमध्ये थोडे गरम (सुमारे ६० अंशांचे) पाणी घ्या, हवा काढून टाका, तोंड रबरी बुचाने बंद करा आणि दट्ट्या जोराने मागे ओढा. पाणी उकळू लागेल! दट्ट्या सोडताच ते का थांबते, याचे उत्तर वर्गात आपल्या शिक्षकांना सांगा. माझ्या भाच्याने ते बरोबर सांगितले. आणि त्यानंतर त्याचा रुसवाही गेला.